सेप्टिक टँकच्या पुढे पाणी जातं कुठे? (इंदूर, काळी माती आणि अंगणातला हिरवागार पट्टा)

अंगणकर | ११ सप्टेंबर, रात्री ९:४०

इंदूरच्या मंडळींना आणि बांधकामातल्या जाणकारांना एक विचारायचंय. जेवणं झाली असतील तरच वाचा.

सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि आम्ही रामबाग सोडून खंडवा रोडच्या पलीकडे एका कॉलनीत आलो. निगमची ड्रेनेज लाइन इथवर आलेली नाही. दोन प्लॉट जोडून घेतलेत, त्यामुळे जागा आहे. घरात पाच माणसं. सेप्टिक टँक आहे, आणि टँकमधून बाहेर पडणारं पाणी कोपऱ्यातल्या आठ फुटी शोषखड्ड्यात जातं. म्हणजे जायला हवं. उन्हाळ्यात जातं. श्रावण लागला की खड्डा काठोकाठ भरतो, खालच्या बाथरूमची जाळी गुडगुडायला लागते, आणि तुळशीपासून कुंपणापर्यंत दूर्वांचा असा हिरवागार पट्टा उमटतो की यंदा शेजारच्या काकू गणपतीला तिथल्याच जुड्या मागायला आल्या. काय सांगणार? 'खराब झाल्यात' म्हणून वेळ मारून नेली.

ठेकेदार म्हणतो, "भाईसाब, खड्डा पच्चीस फूट ले लो, नीचे पत्थर की दरार मिल गई तो जिंदगीभर टेंशन नहीं." अमेरिकेतला भाचा बरोबर उलटं सांगतो. त्यांच्याकडे म्हणे टँकनंतर अंगणात उथळ चर खणतात, त्यात गिट्टी आणि भोकं पाडलेले पाइप टाकतात, आणि पाणी पसरून जमिनीत जिरवतात. त्याला ड्रेन फील्ड म्हणतात. माती आपोआप पाणी साफ करते म्हणे.

माझा प्रश्न साधा आहे. नुसती माती मैल्याचं पाणी साफ कसं करेल? आणि मी खोल जाऊ की पसरू? आमची बोरिंग शोषखड्ड्यापासून चाळीसेक फुटांवर आहे. स्वयंपाकघरात आरओ आहे, पण आई आरओचं पाणी पीत नाही. "चव मेलीय त्याची" म्हणते. तिचा माठ थेट बोरिंगच्या नळाखाली भरतो.

पोहेजिलेबी | ११ सप्टेंबर, रात्री ९:५२

जेवणानंतर वाचा म्हणालात, मी शेवेची पुडी फोडून बसलो होतो. भिया, मिटवली.

बाकी आमच्या गल्लीत याला सगळे 'सेफ्टी टँक' म्हणतात. सेफ्टी कोणाची, ते आजवर कळलेलं नाही.

राऊवाला | ११ सप्टेंबर, रात्री १०:१५

ठेकेदाराचं ऐका. आमच्या ओळीत बारा घरं आहेत, सगळ्यांचे खड्डे वीस फुटांच्या पुढे. दहा वर्षांत एकदाही तुंबले नाहीत. पाणी खाली गेलं, विषय संपला. अमेरिकेचं इकडे लावू नका, तिकडे एकेकाकडे एकरभर जागा असते.

सूक्ष्मदर्शी | ११ सप्टेंबर, रात्री ११:३०

पस्तीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवणार नाही. लांबण लागेल.

आधी टँक. टँक पाणी साफ करतो हा पहिला गैरसमज. टँक फक्त निवांतपणा देतो. पाणी त्यात दिवस-दोन दिवस थांबतं, जड ते तळाला बसतं, तेल-साबण-केस यांची साय वर धरते, आणि मधलं गढूळ पाणी पुढे जातं. तळाचा गाळ हवेविना जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात. तरी बाहेर पडणाऱ्या पाण्यात निम्म्याहून जास्त सेंद्रिय घाण शिल्लक असते. रोगजंतू तर कोट्यवधींनी. दिसायला पेजेसारखं, वासाला सडक्या अंड्यासारखं.

खरं काम पुढे, चरात होतं. पाणी गिट्टीतून झिरपत चराच्या तळाला येतं. तिथे काही आठवड्यांत एक काळा बुळबुळीत थर धरतो: जिवाणू, त्यांनी सोडलेला चिकटा आणि अडकलेले कण. नवख्याला वाटतं चर बिघडला. पण तो थरच खरा कारागीर आहे. तो पाण्याला अडवतो आणि थेंबाथेंबाने खाली सोडतो. त्यामुळे थराखालची माती चिंब होत नाही. पाणी मातीच्या कणांना पातळ पापुद्र्यासारखं चिकटून उतरतं आणि कणांमधल्या पोकळ्यांत हवा राहते. हवा आहे म्हणून हवेवर जगणारे जिवाणू आहेत, आणि ते टँकमधल्या भाऊबंदांपेक्षा कितीतरी झपाट्याने घाण फस्त करतात. रोगजंतू काही गाळले जातात, काही चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात, काहींना मातीतले इतर जीव खातात, उरलेले उपासमारीने मरतात. अशी हवा खेळती असलेली दोन-तीन फूट माती मिळाली तर खाली पोचेपर्यंत बहुतेक जिवाणूंचा निकाल लागलेला असतो. विषाणू फार बारीक, त्यांना जास्त माती आणि जास्त वेळ लागतो.

म्हणून 'नुसती माती' म्हणू नका. ओली पण न बुडालेली माती म्हणा. सगळी गंमत त्या 'न बुडालेली'त आहे. वीस फूट खोल खड्ड्यात दहा फूट पाणी उभं असेल तर आजूबाजूला हवा कुठून येणार? तिथे पाणी जिरतं, साफ होत नाही.

पोहेजिलेबी | ११ सप्टेंबर, रात्री ११:४१

म्हणजे मॅडम, घाणीनेच घाण गाळायची? सासूबाईंच्या चहाच्या गाळण्यासारखं. धुतलं की चहा बिघडतो म्हणतात.

सूक्ष्मदर्शी | ११ सप्टेंबर, रात्री ११:४४

वर्गात ही उपमा वापरायला हवी होती. मात्र थर फार जाड झाला की पाणी उतरतच नाही, वर फुटतं. गाळणं अधूनमधून वाळवावं लागतं, त्यावर नंतर.

बेसाल्ट | १२ सप्टेंबर, सकाळी ७:२०

आता इंदूरच्या जमिनीबद्दल. सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेली माती आदर्श माती आहे. आपल्याकडे ती मिळत नाही, हीच पंचाईत.

'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर' हे आपण कौतुकाने म्हणतो. ही गहन-गंभीर धरती म्हणजे काळी माती. तिच्यात फुगणारं चिकणखनिज भरपूर असतं. उन्हाळ्यात ती आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस पडला की फुगून भेगा बंद, आणि वर पाणी तसंच उभं. अंगणकर, तुमचा खड्डा उन्हाळ्यात पितो आणि श्रावणात ओकतो त्याचं कारण हेच.

या मातीखाली मुरूम, आणि मुरमाखाली काळा पत्थर. पत्थर स्वतः पाणी पीत नाही, पण त्यात सांधे आणि भेगा असतात. ठेकेदार ज्याला 'दरार' म्हणतो ती हीच. तिथे पाणी पोचलं की गायब होतं हे खरं आहे. पण भेगेत माती नसते, तो बुळबुळीत थर नसतो, वेळही नसतो. नळीतून गेल्यासारखं पाणी पुढे जातं. आणि तुमच्या बोरिंगला पाणी कुठून येतं? त्याच भेगांतून.

वरची माती फार हळू, खालचा दगड फार घाईचा. राऊवाला, तुमचे बारा खड्डे तुंबले नाहीत हे चांगलं झालं. बारा बोरिंगचं पाणी कधी तपासलंय का, ते सांगा.

राऊवाला | १२ सप्टेंबर, सकाळी ८:०५

नाही. पण कोणी आजारी पडलेलं नाही.

नानीची_मावशी | १२ सप्टेंबर, सकाळी ११:३०

हे 'कोणी आजारी पडलेलं नाही' आम्हीही म्हणायचो. बहिणीकडे बाळ झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, पाणी कोणतं? म्हटलं, बोरिंगचं, उकळून. ते म्हणाले, आधी तपासून घ्या. अहवाल आला तर नायट्रेट ९०च्या वर. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. आम्ही इमानेइतबारे वीस-वीस मिनिटं उकळत होतो. नंतर कळलं की उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. सुदैवाने बाळ अंगावरच पीत होतं. कॉलनीत शोषखड्डे होते आणि चहूबाजूंनी युरियाची शेतं. दोष कोणाचा ते कोणी सांगू शकलं नाही.

सूक्ष्मदर्शी | १२ सप्टेंबर, दुपारी १२:१०

बरं झालं तुम्ही लिहिलंत. चांगल्या ड्रेन फील्डचाही हा कच्चा दुवा आहे, तो लपवायला नको. मूत्रातला नत्र टँकमध्ये अमोनियाच्या रूपात असतो. हवेशीर मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मातीचे कण ऋणभारित, नायट्रेटही ऋणभारित, त्यामुळे माती त्याला धरत नाही. ते पाण्याबरोबर सरळ खाली जातं. फॉस्फेटचं उलट, ते लोह-चुन्याला चिकटून बऱ्यापैकी मातीत राहतं. म्हणजे फील्ड जंतूंच्या बाबतीत भरवशाचं आहे, नायट्रेटच्या बाबतीत नाही. म्हणून विहीर-बोरिंगपासून अंतर हवं आणि दाटीवाटीच्या कॉलनीत शेवटी लाइनच हवी.

आणि अंगणकर, आईंना आजपासून आरओचं पाणी. किंवा टँकर. चव गेली तरी चालेल.

ठोकताळा | १२ सप्टेंबर, दुपारी ३:४५

स्थापत्य अभियंता आहे, निवृत्त. भारतीय मानक सांगतो, आयएस २४७०. त्याच्या दुसऱ्या भागात टँकमधून निघणाऱ्या पाण्याचं पुढे काय करायचं, तेवढंच दिलंय. १९८५चं आहे, पण आमच्या धंद्यात कितीजणांनी उघडलंय ते विचारू नका.

पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर, राहत्या घरापासून किमान ६. तुमचे चाळीस फूट म्हणजे बारा मीटर. नापास. भेगाळ दगडात मी १८ लाही पुरेसं म्हणणार नाही.

खोल की पसरट हे माझ्या-तुमच्या मतावर ठरत नाही, जिरवण चाचणीवर ठरतं. चर जेवढा खोल घ्यायचा तेवढा खड्डा खणा, हातभर रुंद पुरे. बाजू खुरप्याने खरवडा, कारण फावड्याने चिकणमाती लिंपल्यासारखी गुळगुळीत होते. तळाला दोन इंच बारीक गिट्टी. पाणी भरा आणि रात्रभर भिजू द्या. ही पायरी कोणी करत नाही आणि तिथेच चाचणी खोटी पडते. दुसऱ्या दिवशी गिट्टीच्या वर सहा इंच पाणी ठेवून दर अर्ध्या तासाला किती उतरलं ते मोजा. शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरायचा. त्यावरून अडीच सेंटिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते काढा. तीस मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा किंवा चर, दोन्ही चालतं. तीस ते साठ असेल तर फक्त चर. साठच्या पुढे असेल तर जमिनीच्या नादी लागू नका, गाळणीची टाकी वगैरे दुसरा उपाय बघा.

आणि ही चाचणी मे महिन्यात करू नका. भेगांतून पाणी असं पळेल की तुम्ही पेढे वाटाल. आत्ता, ओल असताना करा.

बडोदेकर_सून | १२ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

माझं माहेर देवासचं, सासर बडोद्याचं. सासऱ्यांच्या जुन्या बंगल्यात शोषखड्डा तीस वर्षं हूं की चूं न करता चालला. मी आपली बाबांना फोनवर ऐकवायचे, तुमचे मिस्त्रीच आळशी. आत्ता कळलं, तिकडे नदीच्या गाळाची जमीन आहे आणि आपल्याकडे काळी माती. बाबांची माफी मागायला हवी. मागणार नाही, पण हवी.

तिरपागडा | १२ सप्टेंबर, रात्री ८:३०

अवांतर: ड्रेन फील्डला मराठी शब्द काय? 'निचराक्षेत्र' सरकारी वाटतो.

पोहेजिलेबी | १२ सप्टेंबर, रात्री ८:३४

मैलामैदान.

बेसाल्ट | १२ सप्टेंबर, रात्री ८:५०

पाझरवाफा. वाफा म्हटलं की उथळ आणि पसरट हे आपोआप आलं. 'शोषखड्डा' या शब्दातच खड्डा आहे, म्हणून आपले लोक खोल जातात.

तिरपागडा | १२ सप्टेंबर, रात्री ८:५३

पाझरवाफा मंजूर. धाग्याचं सार्थक झालं, आता कुलूप लावा.

जुनीइंदूर | १२ सप्टेंबर, रात्री ९:२५

कुलूप लावू नका, मला बोलायचंय. याच इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली आणि ती जगभर गेली. तिचं मर्म काय, तर ढीग वेळोवेळी उलथायचा, त्याला हवा द्यायची. हवा मिळाली तर कुजणं गोड, नाही मिळाली तर दुर्गंधी. सूक्ष्मदर्शी मॅडम चराबद्दल जे सांगताहेत ते शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावात शेण-पाचोळ्यावर सिद्ध झालं होतं. आणि आपण टॉयलेटचं पाणी बिनहवेच्या विहिरीत ढकलतोय.

१९७८ला नर्मदेचं पाणी आलं आणि आपण बादल्या मोजणं सोडलं, हेही एक कारण आहे. आमच्या वाड्यात आजोबा दोन तांब्यांत अंघोळ उरकायचे.

पोहेजिलेबी | १२ सप्टेंबर, रात्री ९:२८

आजोबांच्या शेजारी बसणाऱ्यांचं मत नोंदवलं गेलंय का?

अंगणकर | १५ सप्टेंबर, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. चाचणी केली. रविवारी खड्डा, रात्रभर भिजवलं, सोमवारी सुटी टाकून लाकडी पट्टी घेऊन बसलो. बायकोने दोनदा विचारलं, मासे लागले का?

अडीच फुटांवर, काळ्या मातीत: शेवटच्या अर्ध्या तासात पट्टीवर जेमतेम सहा मिलिमीटर. म्हणजे अडीच सेंटिमीटरला दोन तासांच्याही पुढे. कुंपणाच्या उंच बाजूला, जिथे प्लॉट भरताना मुरूममिश्रित माती टाकली होती, तिथे पन्नास मिनिटं.

एक शोधही लागला. चाचणीसाठी पाणी मोजायची सवय लागली म्हणून रात्री मीटर पाहिला. सगळे झोपलेले, तरी काटा हलतोय. वरच्या मजल्यावरचा फ्लश आतल्या आत गळत होता. कमोडमध्ये हळद टाकून पाहिली, पाच मिनिटांत पिवळी रेघ वाहून गेली. किती महिने गळत होता, देव जाणे.

ठोकताळा | १५ सप्टेंबर, रात्री १०:४०

शाबास. हळदीची युक्ती टिपून ठेवली. गळका फ्लश दिवसाला शेकडो लिटर सहज घालवतो. तुमच्या खड्ड्यावर अर्धा भार त्याचाच असेल.

आता हिशोब. पाच माणसं, दिवसाला पाचशे-सहाशे लिटर. तुमच्या उंच बाजूच्या मातीवर मी दर चौरस मीटरला दिवसाकाठी पंधरा लिटरच्या वर टाकणार नाही. म्हणजे चाळीस चौरस मीटर तळ हवा. दोन फूट रुंद चर धरला तर एकूण पासष्ट-सहासष्ट मीटर लांबी. अकरा-अकरा मीटरच्या सहा ओळी. पंधराशे फुटांच्या प्लॉटवाल्याने हे वाचून सोडून द्यावं, तुमच्याकडे दोन प्लॉट आहेत म्हणून बोलतोय. अंघोळीचं पाणी वेगळं काढून झाडांना दिलंत तर ओळी आणखी कमी होतील.

सरहद्दपार | १६ सप्टेंबर, पहाटे ४:१५

विस्कॉन्सिनमधून. आमच्याकडेही जिथे माती फार चिकट किंवा खडक फार वर, तिथे चर खणतच नाहीत. जमिनीवर वाळूचा उंचवटा करतात, त्यावर गिट्टी आणि पाइप, वर माती आणि गवत. पंपाने दिवसातून थोडं थोडं पाणी सोडतात. दोन डोसांच्या मध्ये वाळूला श्वास घ्यायला वेळ मिळतो. ही कल्पना मूळ नॉर्थ डकोटातली, १९४०च्या दशकातली, आणि १९७०च्या दशकात इथल्या विद्यापीठाने ती नीट बसवली. घर घेताना मला वाटलं बागेत कोणाची समाधी आहे.

नियम मात्र कडक पाळा: त्यावर गाडी नाही, फरशी नाही, शेड नाही. आमच्या शेजाऱ्याने उंचवट्याच्या पायथ्याशी ट्रॅक्टर लावायला सुरुवात केली. माती दबली आणि दोन वर्षांत पाणी वर.

बेसाल्ट | १६ सप्टेंबर, सकाळी ७:०५

एक पुरवणी. वाळूच्या उंचवट्याने पाणी साफ होईल, पण शेवटी ते खालच्या काळ्या मातीलाच प्यायचं आहे. त्यामुळे उंचवटा लांबट हवा, ढिगासारखा नको. आणि गच्चीचं पावसाचं पाणी चुकूनही तिकडे वळवू नका. वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस पडतो आपल्याकडे.

घरगुती | १६ सप्टेंबर, दुपारी २:३०

एवढे मोठे आकडे टाकताय, पण स्वयंपाकघर कोणी बघत नाही. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. दिवाळीत तर विचारू नका. तेल गारठून साय होतं आणि टँक भरला की पुढे चरात जातं. आम्ही कढई आधी रद्दीने पुसतो. ॲसिडने संडास चमकवायचं वेड असेल तर तेही आवरा.

आणि बाजारात ते बॅक्टेरियाचं पाकीट मिळतं, 'महिन्याला एक टाका, टँक कधीच साफ करावा लागणार नाही', ते खरं का? आमच्या मामी गूळ-ताक टाकतात.

सूक्ष्मदर्शी | १६ सप्टेंबर, दुपारी ३:००

मामींना सांगा, ताक जेवणात घ्या. टँकमध्ये रोज पाच माणसं जिवाणूंचा इतका ताजा पुरवठा करतात की पाकिटातल्यांना उभं राहायला जागा नाही. गाळ साचतोच, दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. न उपसल्यास तो चरात जातो, आणि चर बुजला की उपसता येत नाही.

कपड्यांच्या पावडरीचंही लिहिते. त्यात सोडियम बरंच असतं. ते चिकणमातीचे दाणे मोडून तिचा लगदा करतं. काळ्या मातीला हे फार लागू. धुण्याचं पाणी एकाच दिवशी सात-आठ मशीन असं सोडू नका, आठवड्यात विभागा.

राऊवाला | १६ सप्टेंबर, रात्री ८:२०

आमच्या इथे गाडी बोलावण्यापेक्षा दोन माणसं उतरवून साफ करतात, स्वस्त पडतं.

ठोकताळा | १६ सप्टेंबर, रात्री ८:२६

राऊवाला, हे मात्र हसण्यावारी नेणार नाही. संरक्षक साधनांशिवाय टँकमध्ये माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतो. दुसऱ्या वायूचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तो तिथेच कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो. एका साइटवर झाकण उघडून नुसता डोकावलेला मुकादम मी मागे ओढलाय. गाडीच बोलवा. झाकणही आपण उघडू नका.

राऊवाला | १६ सप्टेंबर, रात्री ९:१०

बरोबर आहे. यापुढे नाही.

कर्दळ | १७ सप्टेंबर, सकाळी ९:००

वाफ्यावर काय लावायचं, हे कोणी बोललंच नाही. माझं नावच ते आहे. कर्दळ लावा, पाणी ढोसते आणि मुळं पाइप फोडत नाहीत. गवतही चालेल. वड, पिंपळ, निलगिरी जवळपास नको. अळू लावू का, ते सांगा सूक्ष्मदर्शी ताई, मला मोह होतोय.

सूक्ष्मदर्शी | १७ सप्टेंबर, सकाळी ९:४५

अळू, पालक, मुळा, जे मातीला टेकतं किंवा मातीतून निघतं ते काहीही नको. फुलं लावा.

पोहेजिलेबी | १७ सप्टेंबर, सकाळी ९:४८

म्हणजे दूर्वांच्या बाबतीत अंगणकरांचा निर्णय शास्त्रशुद्ध होता.

अंगणकर | १९ सप्टेंबर (पुढच्या वर्षी), रात्री १०:३०

धागा वर काढतोय, कारण एक अख्खा पावसाळा गेला आणि हिशोब देणं लागतो.

पंचवीस फूट खोदलं नाही. जुना शोषखड्डा उपसून चुना टाकून मुरमाने बुजवला. टँक गाडीने साफ केला तेव्हा कळलं की बाहेर जाणाऱ्या तोंडाला टी पाइपच नव्हता, म्हणजे वरची साय सहा वर्षं थेट खड्ड्यात जात होती. तो बसवला. फ्लश बदलला. अंघोळीचं पाणी वेगळं काढून पेरू-लिंबाला दिलं. मग उंच बाजूला, बोरिंगपासून मोजून चोवीस मीटरवर, दोन पसरट पाझरवाफे केले: खाली धुतलेली वाळू, वर गिट्टी, पाइप, गिट्टीवर जाळीचं कापड आणि माती. मध्ये एक चेंबर आहे, त्यात फळी सरकवून पाणी एका वेळी एकाच वाफ्याला जातं. सहा महिने एक, सहा महिने दुसरा, म्हणजे सूक्ष्मदर्शी म्हणतात तसं गाळणं वाळतं. मिस्त्रीला हे पटवायला पंधरा दिवस गेले. "इतना सा गहरा? पानी तो ऊपर आ जाएगा." गाडीचं गेट तिकडून होतं, ते बंद केलं, त्यावरून भाऊ अजून रुसलाय.

बोरिंगचं पाणी तपासलं. खड्डा बुजवण्याआधी ई. कोलाय सापडले होते. पिण्याच्या पाण्यात ते शंभर मिलिलिटरमागे शून्य हवेत. या महिन्यात सापडले नाहीत. नायट्रेट ५८ होतं, आता ५४ आहे. म्हणजे अजूनही नापास. आरओ चालूच, आणि आईच्या माठातही आता आरओचंच पाणी जातं. तिला सांगितलेलं नाही. परवा म्हणाली, "नवा माठ चांगला आहे, पाण्याला चव आलीय."

एक गोष्ट लपवत नाही. ऑगस्टमध्ये सलग पाच दिवस झड लागली तेव्हा वाफ्यातल्या तपासणीच्या पाइपात पाणी वरून चार बोटांवर आलं होतं. दोन दिवस आम्ही कपडे धुतले नाहीत. मग उतरलं. बाथरूमची जाळी मात्र वर्षभरात एकदाही गुडगुडली नाही.

ठोकताळा | १९ सप्टेंबर, रात्री १०:४८

चार बोटं चालतील. पुढच्या वर्षी त्याच पाइपात पट्टी घालून महिन्याला एकदा मोजत जा आणि वहीत लिहा. झड नसताना पाणी उभं दिसलं, तर फळी सहा महिन्यांची वाट न बघता फिरवा.

राऊवाला | १९ सप्टेंबर, रात्री ११:०५

आमच्या ओळीतल्या बारापैकी चार बोरिंगचं पाणी तपासून आणलंय. तिघांत जंतू निघाले, एक माझी. अंगणकर, तुमच्या मिस्त्रीचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. जागा कमी आहे, दोन घरं मिळून एक वाफा होतो का, बघतो.

कर्दळ | १९ सप्टेंबर, रात्री ११:१०

कर्दळ लावली की नाही ते लिहिलंच नाहीत!

अंगणकर | १९ सप्टेंबर, रात्री ११:२१

लावली, लाल आणि पिवळी, पुरुषभर उंच झालीय. गणपतीत शेजारच्या काकू आल्या होत्या. मी पेरूपाशी कुंडीतल्या अळूच्या वड्या केल्या होत्या. त्यांनी आधी कर्दळीकडे पाहिलं, मग वडीकडे, आणि म्हणाल्या, "माझा आज उपास आहे."

चतुर्थीचा नव्हता. मोदक दोन खाल्ले होते त्यांनी.